हृदयाच्या कानांची मोजदाद

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. शासनाच्या योजना, लसीकरणाच्या तारखा, पाणीकपातीच्या सूचना लोकांच्या कानी घालणे हा माझा व्यवसाय. अशा माणसाने हृदय आणि अणू यांविषयी बोलावयास उभे राहावे, हे सुताराने मंगलाष्टके म्हणावयास घेण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तथापि हा विषय मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतला. त्याला कारण आमचे मामा.

मामांचे सत्तरी तालुक्यात लहानसे कुळागर आहे. नारळ, सुपारी, मधूनमधून मिरवेल. उभा जन्म त्यांनी पाटाचे पाणी फिरविण्यात घालविला. चार वर्षांपूर्वी त्यांना चढ चढताना दम लागू लागला, पायांवर सूज आली, रात्री आडवे झाले की श्वास कोंडे आणि ते उठून खिडकीपाशी बसून राहत. तपासणीअंती निदान झाले की हृदयाचा स्नायू दुर्बळ झाला असून रक्त पुढे लोटण्याची त्याची शक्ती उणावली आहे. डॉक्टर याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नव्हे; ते चालू असते, परंतु शरीराच्या गरजेला पुरे पडत नाही. औषधे सुरू झाली, सूज ओसरली. त्या औषधांत एक लहानशी गोळी नाडी मंद करणारी होती. ती कशासाठी, हे सांगण्यास त्या गर्दीत कोणाला सवड झाली नाही आणि विचारण्याचे धाडस मामांना झाले नाही.

घरी आल्यावर मामींनी घड्याळ समोर ठेवून नाडी मोजली. ती मिनिटाला ५८ भरली. मामी म्हणाल्या, “आधीच काळीज दुबळं, त्यात त्याला आणखी मंद करणारी गोळी कशाला? दमलेल्या बैलाचे कोणी पाय बांधतं का?” गोळी बंद झाली. तीन आठवड्यांनी, भर पावसात, मध्यरात्री शेजाऱ्यांच्या टेंपोत घालून मामांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले, हे आमचे दैव.

मामींचा प्रश्न अडाणीपणाचा होता असे मी मुळीच समजत नाही. १९७५ पर्यंत जगातील बहुतेक सारे हृदयतज्ज्ञ मामींच्याच बाजूचे होते, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे होते. दुर्बळ हृदयाला ही गोळी देऊ नये असेच पाठ्यपुस्तके शिकवीत. मग असे काय कळले की शहाण्यांनी आपले मत फिरविले? त्याचे उत्तर शोधताना मी एका अशा वाटेला लागलो, जिच्यात बेडकांची हृदये आहेत, एक स्वप्न आहे, खानावळीतले शिळे अन्न आहे आणि अवघी वीस मिनिटे अर्धायुष्य असलेला एक अणू आहे. त्या वाटेने आपणास घेऊन जावे एवढाच माझा हेतू आहे.

हृदय स्वतःच्या लयीने ठोके देते हे आपण जाणता. परंतु केव्हा धावावे आणि केव्हा सावकाश घ्यावे, याचे निरोप त्याला बाहेरून येतात. समोर साप दिसला की छाती धडधडते. जेवून वामकुक्षी घेतली की ठोके संथ होतात. हे निरोप मज्जातंतूंमार्फत येतात एवढे पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र मज्जातंतू हृदयाच्या दारापर्यंत आला, पुढे काय होते? ठिणगी उडते की काही पदार्थ पाझरतो? ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनीच पुढे सांगितलेली हकीगत अशी की, एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचे अक्षर त्यांना वाचता येईना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचले. या वेळी मात्र ते अंथरुणातून उठून थेट प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याचा वेग कमी करणारा मज्जातंतू उद्दीपित केला, ते मंदावले. मग त्याच्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयावर सोडला. त्या दुसऱ्या हृदयाला कोणत्याही मज्जातंतूने काही सांगितले नव्हते, तरी तेही मंदावले. म्हणजे निरोप हा एक पदार्थ होता. १९२१ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. वेग वाढविणारा निरोप नॉरॲड्रेनलिन या पदार्थाचा असतो, हे पुढे निश्चित झाले. त्याचेच भावंड असलेले ॲड्रेनलिन मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून रक्तात उतरते.

निरोप पोचवावयाचा तर तो ऐकणारा कोणीतरी हवा. स्नायूच्या पेशीवर असा एखादा ‘ग्रहणशील’ पदार्थ असला पाहिजे, असे केंब्रिजचे लँग्ले यांनी १९०५ साली तर्काने मांडले होते. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिनसारखे अनेक पदार्थ तपासून दाखविले की हे ऐकणारे एकाच जातीचे नाहीत. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा अशी नावे दिली. हृदयाचा वेग व जोर वाढविण्याचे काम बीटाकडे. शास्त्रज्ञ त्यांना ‘रिसेप्टर’ म्हणतात, आपल्याकडे ‘ग्राही’ असा शब्द रूढ होत आहे. मी आज त्यांना पेशीचे कान म्हणणार आहे. शिक्षकमंडळींपैकी जीवशास्त्र शिकविणाऱ्यांनी गोंधळू नये. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना आपण ‘कर्णिका’ म्हणतो, त्यांचा या कानांशी काही संबंध नाही. हे कान म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात रुतलेले प्रथिनाचे रेणू. नॉरॲड्रेनलिनचा रेणू बाहेरून येऊन त्यात बसला की आत हुकूम सुटतो: जोरात आकुंचन पाव.

स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात अशी औषधे शोधली की जी या बीटा कानांत जाऊन बसतात, स्वतः काही बोलत नाहीत आणि खऱ्या निरोपाला आत येऊ देत नाहीत. त्यांना बीटा-रोधक किंवा ‘बीटा ब्लॉकर’ म्हणतात. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना त्यांनी मोठा आराम पडला, आणि ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले. मामांची गोळी याच कुळातली.

आता प्रश्न असा की, हे कान कोणी पाहिले होते? कोणीही नाही. क्ष-किरणांत हृदयाची आकृती दिसते, कार्डिओग्रामवर विजेची लहर उमटते, सोनोग्राफीच्या यंत्रावर झडपा उघडताना-मिटताना दिसतात. परंतु पेशीवरचे ग्राही इतके सूक्ष्म व इतके विरळ असतात की यांपैकी एकाही साधनाला ते सापडत नाहीत. जे दिसत नाही ते जिवंत माणसाच्या छातीत मोजावयाचे कसे?

येथे आपल्या धनगर-गवळ्यांची युक्ती उपयोगी पडते. गुरे रानात सोडली की प्रत्येक जनावर डोळ्यांसमोर राहत नाही. म्हणून एखाद्या गाईच्या गळ्यात घंटा बांधतात. घंटेमुळे गाईची चाल बदलत नाही, तिचे खाणेपिणे बदलत नाही, इतर गुरे तिला आपल्यातलीच समजतात. आणि गुराखी मात्र दूर टेकडीवर बसून कळप कोणीकडे गेला ते सांगतो. शास्त्रज्ञांनी घंटेऐवजी किरणोत्सर्गी अणू बांधला, एवढाच फरक. अशा घंटा बांधलेल्या पदार्थाला ‘ट्रेसर’ म्हणतात. आपण त्याला मागोवा-द्रव्य म्हणू.

ही युक्ती सुचली ती एका अपयशातून. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज द हेवेसी हे तरुणपणी मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या हाताखाली काम करीत. शिशातून ‘रेडियम डी’ हा किरणोत्सर्गी पदार्थ वेगळा काढून दाखवा, असे काम रदरफर्ड यांनी त्यांना सोपविले. खूप खटपट करूनही ते साधेना. कारण रेडियम डी हेही शिसेच होते, केवळ किरणोत्सर्गी. हेवेसी यांनी विचार उलटा केला: जर हे दोन पदार्थ रसायनदृष्ट्या वेगळे करताच येत नाहीत, तर शिसे कुठे जाते हे कळण्यासाठी त्यात थोडे रेडियम डी मिसळून पाहावे! १९२३ साली त्यांनी द्विदल रोपाने मुळांतून शिसे किती शोषले, ते या मार्गाने मोजले. त्यांच्याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मँचेस्टरला ते ज्या घरी भाड्याने राहत, तेथील बाई रविवारचे उरलेले मांस आठवडाभर नव्या नावाने वाढते, असा त्यांना संशय होता. ती मान्य करीना. मग एका रविवारी त्यांनी आपल्या ताटात टाकलेल्या अन्नात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य घातले आणि काही दिवसांनी पुढे आलेल्या पदार्थावर विद्युतदर्शक धरला. बाई पकडली गेली. हेवेसी यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते अर्थात खानावळीच्या शोधासाठी नव्हे.

माणसाच्या शरीरात ही युक्ती प्रथम रक्ताभिसरणासाठीच वापरली गेली. १९२५ च्या सुमारास बोस्टनमध्ये हर्मन ब्लूमगार्ट यांनी एका दंडात किरणोत्सर्गी द्रव्य टोचून दुसऱ्या दंडापर्यंत ते किती सेकंदांत पोचते हे मोजले. पुढे साऱ्या जगात हृदयाची चित्रे याच मार्गाने निघू लागली. आपल्यापैकी काहींनी शहरात ‘थॅलियम टेस्ट’ करवून घेतली असेल. तिच्यात हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचते ते दिसते. आता थॅलियमऐवजी बहुधा टेक्नेशियम वापरतात, तरी लोकांच्या तोंडी जुने नाव टिकून आहे. परंतु ही चाचणी रक्ताची आहे, कानांची नव्हे. दोन्ही गोष्टी एकच समजण्याची चूक मीही प्रथम केली होती.

कानांपर्यंत जावयाचे तर घंटा अशा रेणूच्या गळ्यात बांधावयास हवी की जो नेमका त्या कानातच जाऊन बसेल. अमेरिकेतील रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी १९६८ पासून संप्रेरकांना किरणोत्सर्गी आयोडिन जोडून ग्राहींचा माग काढण्यास प्रारंभ केला. बीटा ग्राही अशा रीतीने हाती लागला, आणि २०१२ साली त्यांना व ब्रायन कोबिल्का यांना नोबेल मिळाले. याच पद्धतीने १९८२ साली मायकेल ब्रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. हृदय-प्रत्यारोपणाच्या वेळी रुग्णाच्या छातीतून काढलेली निकामी हृदये त्यांनी तपासली. निरोगी हृदयांच्या तुलनेत त्यांच्यावर बीटा ग्राही निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटलेले आढळले.

हे वाचल्यावर मी थांबलो. मामींचे म्हणणे असे की हृदय दुबळे आहे, त्याला हाकारा हवा. पण त्याच सुमारास हेही स्पष्ट होत होते की अशा रुग्णांच्या रक्तात नॉरॲड्रेनलिन कमी नसते; ते वाढलेले असते. १९८४ साली जे कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ते जितके अधिक, तितका रुग्णाचा जीव अधिक धोक्यात. म्हणजे हाकारा तर अखंड चालूच होता, आणि कान मात्र निम्मे उरले होते.

माझ्या व्यवसायातील माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एखाद्या गावी आपण ध्वनिवर्धकावरून सकाळी एकदा सूचना दिली, तर लोक काम थांबवून ऐकतात. तीच सूचना दिवसभर, कर्कश आवाजात, आठवडाभर देत राहा. तिसऱ्या दिवशी खिडक्या लागतात. आपण म्हणतो, लोक ऐकत नाहीत, आवाज वाढवा; आवाज वाढविला की उरलेल्या खिडक्याही लागतात. शरीर काही निराळे करीत नाही. हृदयाची शक्ती घटली की मज्जासंस्था त्याला हाकारते. हाकारा महिनोन् महिने थांबला नाही की पेशी आपले कान आवरणावरून आत ओढून घेते, काही तर मोडूनच टाकते. खरोखरीच धावण्याची वेळ येते तेव्हा ऐकावयास कोणी नसते. आणि या अखंड हाकाऱ्याने स्नायूची झीज होतच राहते ती निराळीच.

परंतु ब्रिस्टो यांची हृदये छातीतून बाहेर काढलेली होती. चालत्या-बोलत्या माणसात हीच गोष्ट घडते का, हे पाहण्यासाठी आपणास फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या ओर्से या गावी जावे लागेल. तेथील रुग्णालयीन केंद्राला फ्रेदेरिक झोलियो यांचे नाव दिलेले आहे. झोलियो आणि त्यांची पत्नी इरेन क्यूरी यांनी १९३४ साली कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. साध्या मूलद्रव्याला किरणोत्सर्गी बनविता येते हे त्या दांपत्याने दाखविले नसते, तर येथून पुढच्या वाटेवरची एकही घंटा घडली नसती. ओर्से येथील सिरोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली जिवंत माणसाच्या हृदयातील सावकाशीचा निरोप ऐकणारे ग्राही प्रथम चित्रित केले. त्यानंतर ते बीटा ग्राहींकडे वळले.

त्यांची घंटा होती कार्बन-११. आपल्या शरीरातील कार्बन बहुतांशी कार्बन-१२ असतो. कार्बन-११ सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवावा लागतो आणि त्याचे अर्धायुष्य अवघे वीस मिनिटांचे. म्हणजे दर वीस मिनिटांनी तो निम्मा होत जातो. मुंबईत बनविलेला कार्बन-११ कोकणकन्या एक्सप्रेसने मडगावला पाठविला, असे समजा. पनवेल येईपर्यंत त्याचा सोळावा हिस्सा उरेल आणि मडगावला नुसती कुपी उतरेल. म्हणून सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि रुग्ण ही तिन्ही एकाच आवारात असावी लागतात. यंत्रातून अणू बाहेर पडल्यापासून रसायनशास्त्रज्ञाची घाई सुरू होते. बीटा कानांत बसणारा जो रेणू निवडला गेला, तो स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी कंपनीचा होता. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे, सीजीपी-१२१७७. त्यात कार्बन-११ गुंफण्यासाठी वाटेत फॉस्जिन वायू करावा लागतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना मारणारा तोच फॉस्जिन, येथे लेशमात्र प्रमाणात औषधनिर्मितीला लागतो!

या रेणूचा एक गुण फार मोलाचा आहे. तो पाण्यात रमणारा आहे. पेशीच्या स्निग्ध आवरणातून तो आत शिरत नाही. त्यामुळे आत ओढून घेतलेले कान तो मोजत नाही. जे बाहेर आहेत आणि खरोखर ऐकत आहेत, तेवढेच मोजतो.

शिरेतून टोचल्यावर हा रेणू रक्ताबरोबर हृदयात जातो. कार्बन-११ चा अणू फुटतो तेव्हा त्यातून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो. तो लगेच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण नेमक्या विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवती शोधकांचे कडे असते. कड्याच्या समोरासमोरच्या दोन शोधकांनी एकाच क्षणी नोंद केली, की त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी अणू फुटला, हे कळते. अशा लक्षावधी रेषा गणकयंत्राने जुळविल्या की हृदयाचे चित्र उभे राहते. यालाच पॉझिट्रॉन चित्रण किंवा ‘पेट’ म्हणतात. अमेरिकेतील सेंट लुई येथे १९७० च्या दशकात ही यंत्रे आकाराला आली.

चित्र मिळाले म्हणजे मोजणी झाली, असे मात्र नाही. येथे मला सर्वांत अधिक वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टोचलेला प्रत्येक रेणू कानातच बसतो असे थोडेच आहे? काही रक्तात फिरत असतात, काही नुसतेच इकडेतिकडे चिकटतात. चित्रात सारेच सारखे चमकतात. आपली मांडवीवरची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. तिच्यात बाके किती आहेत ते आपणास ठाऊक नाही, दुरून मोजताही येत नाही. फक्त लाल टोपीवाले उतारू दिसतात. प्रथम थोडेच लाल टोपीवाले सोडा. ते निवांत बाकांवर बसतील, एखाददुसरा कठड्याला टेकून उभा राहील. मग टोपी नसलेल्यांचा मोठा जमाव सोडा. बाकांसाठी स्पर्धा सुरू होईल आणि लाल टोपीवाले बाकांवरून उठविले जातील. कठड्याला टेकलेले मात्र जेथल्या तेथे राहतील, कारण कठड्याला जागेची मर्यादा नाही. जमाव येण्यापूर्वी व आल्यानंतर दिसलेल्या टोप्यांतील फरकावरून बाके किती, याचा हिशेब मांडता येतो. ओर्से येथे नेमके हेच केले. प्रथम घंटा बांधलेले रेणू अत्यल्प प्रमाणात टोचले, नंतर बिनघंटेचे रेणू मिसळून पुन्हा टोचले, आणि दोन्ही वेळच्या आलेखांवरून ग्राहींची संख्या काढली. प्रमाण अत्यल्प ठेवावे लागते याचेही कारण उघड आहे. मोजावयास आलेल्यांनीच सारी बाके अडविली तर हृदयाचे काम बिघडेल.

१९९३ साली मेर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या हृदयाचा स्नायू फुगून दुर्बळ झाला होता, अशा जिवंत रुग्णांत बीटा ग्राहींचे प्रमाण निरोगी माणसांच्या सुमारे निम्मे भरले. छाती न उघडता, तुकडा न काढता, कान मोजले गेले. १९९७ साली त्याच देशातून आणखी एक गोष्ट पुढे आली. अशाच रुग्णांत ‘सावकाश घे’ हा निरोप ऐकणारे ग्राही मात्र वाढलेले दिसले. हे वाचून मला तर हृदयाविषयी आदरच वाटला.

आता मामींच्या प्रश्नाकडे येतो. अखंड हाकाऱ्याने कान मिटले असतील, तर उपाय आवाज वाढविण्याचा नव्हे, थोडी शांतता करण्याचा आहे. बीटा-रोधक गोळी तेच करते. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागश्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रचलित शिकवणुकीविरुद्ध जाऊन, हृदय दुर्बळ झालेल्या सात रुग्णांना अशी औषधे दिली आणि त्यांना बरे वाटू लागल्याचे नोंदविले. सातच रुग्ण! जगाने विश्वास ठेवला नाही, आणि सात रुग्णांवर विश्वास ठेवू नये हेही खरेच. निर्णय लागला १९९९ साली. बायसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल या दोन औषधांच्या, हजारो रुग्णांवरील दोन स्वतंत्र चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. लाभ इतका स्पष्ट होता की दोन्ही चाचण्या मुदतीपूर्वी थांबविण्यात आल्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा निर्णय चित्रांनी नव्हे, रुग्णांच्या जगण्या-मरण्याच्या मोजणीने लागला. शिवाय कान परत उगवतात म्हणून गोळी गुण देते, हे उत्तरही अपुरे आहे. मेटोप्रोलॉलने ग्राहींची संख्या वाढते. कार्व्हेडिलॉल या दुसऱ्या औषधाने ती वाढत नाही, तरी ते औषधही तितकेच उपकारक ठरले आहे. म्हणजे शांततेचा लाभ कानांपुरता नाही. स्नायूची झीज थांबते, ठोक्यांची अनियमितता घटते. ध्वनिवर्धकाचा माझा दृष्टांत येथे लंगडा पडतो, हे मी मान्य करतो.

आपणापैकी कोणी विचारील की हे चित्रण आपल्याकडे केव्हा येणार. बीटा ग्राहींचे चित्रण आजही संशोधनाच्या दालनातच आहे. त्याच्या शेजारची एक चाचणी मात्र रुग्णालयांत पोचली. आयोडिन-१२३ ची घंटा बांधलेला एमआयबीजी नावाचा रेणू नॉरॲड्रेनलिनचे सोंग घेऊन मज्जातंतूच्या टोकांत शिरतो. ती चाचणी ऐकणाऱ्याच्या कानाची नव्हे, बोलणाऱ्याच्या तोंडाची आहे, असे म्हणता येईल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदय दुर्बळ असलेले ९६१ रुग्ण होते. ज्यांच्या हृदयात हे द्रव्य पुरेसे टिकले, त्यांच्यापैकी दोन वर्षांत १५ टक्क्यांना गंभीर त्रास झाला; ज्यांच्यात टिकले नाही त्यांच्यापैकी ३७ टक्क्यांना. त्या आधारावर २०१३ साली अमेरिकेत या उपयोगाला मान्यता मिळाली. आपल्या देशातही पाया जुना आहे. मुंबईस भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र १९६३ पासून परळला उभे आहे, आणि भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन तेथेच २००२ साली सुरू झाले.

किरणोत्सर्ग हा शब्द ऐकून भय वाटणे साहजिक आहे. म्हणून एवढेच सांगतो की टोचलेल्या कार्बन-११ पैकी दोन तासांनी साठावा भाग उरतो आणि दिवस मावळेपर्यंत व्यवहारात काहीच उरत नाही. अशा कोणत्याही चाचणीपूर्वी गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना तसे सांगणे मात्र अत्यावश्यक आहे.

मामांना दुसऱ्यांदा घरी आणले तेव्हा गोळी पुन्हा सुरू करण्यात आली. परंतु एकदम पूर्वीच्या मात्रेत नव्हे. अंगातले पाणी ओसरल्यावर, अगदी लहान तुकड्यापासून, काही आठवड्यांच्या अंतराने वाढवीत नेली. या वेळी मी मुद्दाम सोबत गेलो होतो आणि कारण विचारले. तरुण डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटे बसून समजावले. गोळी घेत असताना कान वाढलेले असू शकतात, आणि तिचे पांघरूण एकाएकी काढले की सारा हाकारा एकदम त्यांवर कोसळतो, म्हणून ही गोळी मनाने बंद करावयाची नसते. नाडी फार मंद झाली, चक्कर आली, तर डॉक्टरांकडे यावयाचे, मात्रा बदलावयाची की नाही ते तेथे ठरेल. मामींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?” या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते.

मामा आता पाट फिरवीत नाहीत, पण सकाळी कुळागराच्या गडग्यापर्यंत जाऊन येतात. मामी रोज त्यांची नाडी मोजून दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतात. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा आकडा ६२ होता.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब येथे उपस्थित आहेत आणि ते आणखी तासभर थांबणार आहेत. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे, त्यांनी आपली चिठ्ठी त्यांना दाखवावी व प्रश्न त्यांनाच विचारावेत, मला नव्हे.